चार ठिकाणी सापडलेला शब्द

माझी बायको श्रावणात गेली. त्याच्या आधी महिनाभर तिनं वरकसावर, म्हणजे डोंगराच्या उतरणीवरच्या आमच्या तुकड्यात, नाचणी, आमची नागली, लावली होती. बाई गेली आणि पीक उभं राहिलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आई नागलीचा ढीग कसा घालायची ते आठवेल तेवढं वहीत लिहून ठेवा. काही सोडू नका." मी वही आणली आणि बसलो. अर्धं पान भरलं नाही. बेचाळीस वर्षं एका घरात काढली आणि अर्धं पान.

ते अर्धं पान आधी उतरवतो.

आमच्या गावात, पोशेऱ्याला, नागली कापली की लोक कणसं सरळ उन्हात टाकतात, वाळली की काठीनं बडवतात. माझी बायको तसं करायची नाही. तिच्या माहेरच्या पाड्यावरची रीत वेगळी होती. ती कापलेली कणसं खळ्यावर एका जागी रचायची, वर सागाची पानं, त्यावर भाताचा पेंढा, पेंढ्यावर दगड. विस्तव नाही, काही नाही. कणसं आतल्या आत ऊब धरतात. चार-पाच दिवसांनी ढीग उघडला की दाणा बोटानं चोळला तरी सुटतो, आणि त्या नागलीची भाकरी उन्हात वाळवलेल्या नागलीपेक्षा गोड लागते. कधी उघडायचा ते ती हातानं ओळखायची. पानं बाजूला करून कोपरापर्यंत हात आत घालायची आणि थोडा वेळ तशीच बसायची. मग "अजून नाय" म्हणायची, नाहीतर "काढा" म्हणायची. काढा म्हटलं की मी दगड काढायचो.

एवढंच. दगड काढणं माझ्याकडे होतं, म्हणून दगड मला आठवतात. किती मोठे, कुठून आणलेले, सगळं सांगेन. ढिगात मात्र मी कधी हात घातला नाही. त्यांच्या रीतीत पुरुषानं ढिगात हात घालायचा नसतो, आणि जिनं ढीग रचला तिनंच तो उघडायचा. आई लेकीला शिकवते तेव्हा तोंडानं काही सांगत नाही. लेकीचं मनगट धरते आणि आपल्या हाताबरोबर तिचा हात आत नेते. तसं तीन-चार वर्षं केलं की लेकीच्या हाताला कळायला लागतं. माझ्या बायकोच्या हाताला तिच्या आईनं शिकवलं होतं. तिनं आमच्या मुलीच्या हाताला शिकवलं नाही. शिकवणार कधी? मुलीला पहिलीलाच आश्रमशाळेत घातली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी यायची तेव्हा नागली अजून उभी असायची. ढीग पडायचा तो ती शाळेत परत गेल्यावर. शाळेत घालायचं मीच ठरवलं होतं. आपल्यासारखी अडाणी राहायला नको म्हणून.

आता मुलीचं सांगतो, नाहीतर नागलीचा आणि तिचा काय संबंध ते कळायचं नाही.

आम्हाला ही एकच. आश्रमशाळेतून जव्हारला, तिथून मुंबईला कॉलेजात, आणि पुढं शिष्यवृत्ती मिळवून परदेशात गेली. आमच्याकडच्या शिकलेल्या पोरी मास्तरणी होतात, ग्रामसेवक होतात, नर्स होतात. ही इजिप्तची जुनी भाषा शिकायला लागली. शाळेतल्या कुठल्या पुस्तकात तिनं ती चित्रांची अक्षरं बघितली होती, पक्षी, पाय, डोळा, पाण्याची लाट, आणि तिथून जे डोक्यात बसलं ते निघालं नाही. मला आधी लाज वाटायची. मोखाड्याच्या बाजारातून जीपनं येताना कोणीतरी विचारायचंच.

"पोरगी काय शिकते रे?"

"जुनी भाषा. इजिप्तची."

"किती जुनी?"

"चार हजार वर्षं तरी."

"आता कोण बोलतं ती?"

"कोणी नाय."

"मग पास झाल्यावर बोलणार कोणाशी? मढ्यांशी?"

अख्खी जीप हसली. मीही हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "सांगायचं ना, तुमच्यापेक्षा मढी बरी. शिव्या तरी नाय देत."

बायको गेली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या घरात फोनला रेंज येत नाही, फक्त मोरीच्या मागं येते. तिथं कपडे धुवायच्या दगडावर बसून बायको मुलीशी बोलायची आणि मी शेजारी उभा राहून ऐकायचो. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आये, मला चार वर्षं एकच शब्द अडलाय."

"चार वर्षं? एका शब्दाला? आणि तुला तिथून हाकलत नाय?"

मुलगी हसली आणि समजावून सांगायला लागली. तिनं सांगितलं तसं मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. तो शब्द म्हणजे क्रियापद, काहीतरी करणं. एवढ्या मोठ्या भाषेत, एवढ्या दगडांवर आणि कागदांवर तो फक्त चार ठिकाणी सापडला आहे. तो बोलायचे कसा ते कोणालाच माहीत नाही, कारण ते लोक काना, मात्रा, वेलांटी असलं काही लिहीतच नसत. तीन खुणा आहेत आणि शेवटी एक चित्र. ते चित्र वाचायचं नसतं. शब्द कुठल्या जातीचा आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून ते काढतात. या शब्दाच्या शेवटी जाळ असलेल्या शेगडीचं चित्र आहे. म्हणून सगळ्या जुन्या पुस्तकांत त्याचा अर्थ शिजवणे असा दिला आहे आणि पुढं प्रश्नचिन्ह. चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी भिंतीवर बाईचं चित्र पण आहे. बाई वाकलेली, पुढं धान्याची रास, आणि तिचा हात कोपरापर्यंत राशीत. मागची भिंत फुटलेली. डोक्यावर तो शब्द.

"चूल आहे का चित्रात?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मडकं?"

"नाही."

"मग शिजवतील कशात? पदरात? तुझे मास्तर कधी चुलीपुढं बसलेले दिसत नायत."

मुलगी म्हणाली, "म्हणूनच तुला फोन केला. लहानपणी एकदा गालफुगीनं मला शाळेतून घरी पाठवलं होतं. तेव्हा मी तुला नागलीच्या ढिगात असा हात घालून बसलेली बघितलंय. ते चित्र बघितलं आणि मला तूच दिसलीस."

मग तिनं त्याचं व्याकरण सांगितलं. तीन ठिकाणी ते काम माणूस करतो. चौथ्या ठिकाणी माणूसच नाही, धान्य आपलं आपण ते करतं. जुने पंडित म्हणतात, धान्य आपोआप कसं शिजेल, ती लिहिणाऱ्याची चूक आहे. ही म्हणते चूक नाही. मला कळेना, तेव्हा मलाच विचारलं, "बाबा, काठी मोडली असं म्हणता ना?"

"म्हणतो."

"आणि मी काठी मोडली असंही म्हणता. शब्द तोच. एकदा काठीच मोडते, एकदा तुम्ही मोडता. हा शब्दही तसाच चालतो. बाई धान्याला ऊब आणते आणि धान्य ऊब धरतं. विस्तव नसताना. म्हणून शब्दात शेगडी आहे आणि चित्रात चूल नाही."

हे मला पटलं. मला सहसा तिचं काही कळत नाही, पण हे कळलं.

"आये, आपल्यात या कामाला शब्द काय आहे?"

बायको विचारात पडली. "शब्द कशाला लागतो? ढीग घालायचा, झाकायचा, हात घालून बघायचं. शब्द नाय काय."

 पलीकडून मुलगी म्हणाली, "त्यांच्याकडं शब्द राहिला आणि काम गेलं. आपल्याकडं काम आहे आणि शब्दच नाही."

तिला शिकवणाऱ्या तिथल्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं की कल्पना चांगली आहे, पण पुरावा आण. अशी रीत खरंच आहे, ढीग किती दिवस ठेवतात, किती तापतो, हात घालून काय ओळखतात, हे फोटोसकट दाखव. ते नसेल तर तो तुझ्या मनाचा खेळ, पुस्तकात शिजवणे आणि प्रश्नचिन्हच राहील. आणि हे पुस्तक, म्हणजे तिचा प्रबंध, मार्चच्या आत द्यायचं. नागली वर्षातून एकदा येते. म्हणजे ढीग एकच मिळणार होता.

"दिवाळीनंतर ये," बायको म्हणाली. "तुझा हात माझ्या हातानं आत घालते. फोनमधून ऊब येत नाय."

श्रावणात तिला ताप आला. पहिल्या दिवशी ती कामाला गेली. दुसऱ्या दिवशी निजून राहिली. मी दोन गोधड्या घातल्या, वर घोंगडी घातली. आम्ही ताप झाकतो. घाम फुटला की उतरतो, असंच लहानपणापासून बघितलेलं. तिला मधेच थंडी वाजायची, मधेच अंग भाजायचं. तिसऱ्या दिवशी कपाळाला हात लावला तर हात मागं घ्यावासा वाटला. तरी मी म्हटलं, आजचा दिवस बघू. कोणी मला थांब म्हणालं नव्हतं. पाऊस होता, पण जीप चालू होत्या. मीच थांबलो. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेली, तिथून जव्हारला, जव्हारहून नाशिकला न्यायला सांगितलं. घाटात गेली. गाडीत माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि मला कळलंसुद्धा नाही कधी गेली ते. ड्रायव्हरनं गाडी थांबवून मागं बघितलं आणि तो म्हणाला, "बाबा, आता घाई नाही."

मुलीला येता आलं नाही. तिकीट, कागदपत्रं, काय काय होतं. तेराव्यालाही नाही. फोनवर ती रडली नाही, तिनं तारखा विचारल्या. ताप कधी आला, दवाखान्यात कधी नेलं. मी सांगितल्या. "म्हणजे चौथ्या दिवशी," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. त्या बोलण्यात काय होतं ते मला माहीत आहे.

दिवाळीनंतर ती आली. जीपमधून उतरली तेव्हा माझ्या पाया पडली आणि सरळ मोरीच्या मागं जाऊन त्या दगडावर बसली. मी चहा केला. चहा निवून साय धरली.

दुसऱ्या दिवशी कामाचं बोलायला लागली. तिच्याकडे एक लांब पोलादी सुई होती, ढिगात खुपसली की किती तापलं त्याचा आकडा दाखवते. मी म्हटलं सुई कशाला, तुझ्या मामीला विचारू. बायकोच्या माहेरी तिची एक भावजय तेवढी राहिली आहे, बाकी सगळी गेली. जीपनं गेलो, पुढं तासभर चाललो. म्हातारी ओट्यावर बसली होती. मुलीला बघून तोंड फिरवून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "ढीग? कोण घालतं आता? नागलीच कोण लावतं? रेशनचा तांदूळ येतो."

"मामी, किती दिवस ठेवायचा असतो?"

"दिवस मोजायचे नसतात गं. हाताला कळतं."

"हाताला काय कळतं?"

म्हातारीनं आपला हात पुढं केला, उलटा केला, सुलटा केला. "मला आता गरम चहाचा कप पण कळत नाय. पंधरा वर्षं झाली हात घातल्याला. तुझ्या आयला कळत होतं. तिला का नाय विचारलंस?"

मुलगी उठली. वाटेत ती माझ्या पुढं चालत होती. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं.

नागली आम्ही दोघांनी कापली. तिला विळा धरता येत होता, पण पाठ लगेच भरून यायची. कापणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी अवकाळी सर आली. अर्धी कणसं भिजली. बायको असती तर ती कणसं आधी पसरून ठेवली असती का, की तशीच रचली असती? मुलीनं मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. हे ऐकायची तिला एव्हाना सवय झाली होती. पाणी निथळू दिलं आणि ढीग रचला. पानं मी आणली, पेंढा मी आणला. दगड तेच ठेवले. रचला तिनंच, म्हणजे रीतीनं उघडायचाही तिनंच. ती सकाळ-संध्याकाळ सुई खुपसायची आणि वहीत आकडा लिहायची. आकडा वाढत होता. ती खुश होती. मला म्हणाली, "बाबा, बघा, विस्तव नाही आणि तापतंय. चार हजार वर्षांपूर्वी हेच." तिला आईसारखी हसताना मी त्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं. आणि शेवटचंच.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं पानं बाजूला करून हात आत घातला. बराच वेळ ठेवला.

"काही कळत नाही," ती म्हणाली. "गरम आहे. पण बस म्हणायचं गरम, की अजून लागेल तेवढं गरम? आकडा आहे माझ्याकडं, पण हा आकडा बरोबर की जास्त, ते सांगणारं कोणी नाही."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही घालता हात?"

"तुझ्या आईच्या रीतीत पुरुष घालत नाय."

"आता कोण आहे बघायला?"

मी बाही वर केली आणि हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. आत ओलसर होतं आणि कणसं मऊ लागत होती. माझ्या हाताला लगेच कळलं. ती ऊब माझ्या हातानं आधी बघितलेली होती, श्रावणातल्या तिसऱ्या दिवशी तिच्या कपाळाला. तितकीच, आणि तशीच ओल. हात मागं घ्यावासा वाटला आणि घेववलाही नाही.

मला कळलं होतं. हे मी इथं लिहितो कारण तिला तेव्हा सांगितलं नाही. मला चांगलं कळलं होतं की हे जास्त आहे, आता उघडायला पाहिजे. पण ढीग उघडला की बडवणी होणार, नागली पोत्यात जाणार, आणि बायकोच्या हातानं लावलेलं शेवटचं संपणार. तिचं काहीतरी अजून आत चालू आहे असं वाटत होतं. कोपरापर्यंत हात आत आणि मी तिथं बसून होतो. मुलगी वही घेऊन वाट बघत होती.

"राहू दे अजून," मी म्हटलं. "आजचा दिवस बघू."

तिनं वहीत लिहिलं, बाबांच्या मते अजून एक दिवस. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं, मी परत तेच म्हटलं. तिच्या सुईचा आकडा चढतच होता, पण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवला ते तिलाच ठाऊक. माझ्या थांबण्याचं काय होतं ते आईच्या वेळी तिला कळलेलं होतं.

सहाव्या दिवशी तीच म्हणाली, "बाबा, वास येतोय."

दगड मी काढले. पेंढा काढला तसा वाफेचा लोट आला, ताडीसारखा आंबट. पानं काळी पडली होती. खालची कणसं एकमेकांना चिकटलेली, वर पांढरी बुरशी, कुठं कुठं दाण्याला मोड फुटून तेही सडलेले. बाहेरच्या कडेची थोडी कणसं तेवढी तांबडी होती. मुलीनं एक कणीस हातात घेऊन चोळलं. दाणे सुटले, पण काळे. तिनं ते तळहातावर ठेवून फोटो काढला. मग फोन खाली ठेवला आणि खळ्याच्या कडेला उकिडवी बसली.

शेजारची बाई कुडावरून बघत होती. "अगं, उन्हात घातली असती तर आतापर्यंत पोत्यात असती," ती म्हणाली. मग आपल्या कामाला गेली.

मग मुलगी म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं का? हात घातला तेव्हा?"

"कळलं होतं."

"मग?"

मी म्हटलं, "संपू नये असं वाटलं."

तिनं मान हलवली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं म्हणाली, "आईच्या वेळी पण कळलं होतं?"

"तेव्हा नाय कळलं. तेव्हा भीती वाटली. दवाखान्यात नेली की ती परत यायची नाही असं वाटलं, म्हणून झाकून ठेवली."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. वही मिटली, पिशवीत टाकली. मग आम्ही दोघांनी मिळून सडलेली नागली टोपल्यांनी बांधावर नेऊन टाकली. गुरांनी ती हुंगली आणि तशीच पुढं गेली.

मुलगी परत गेल्यावर महिनाभरानं तिचा फोन आला. तिच्या बाईंनी सगळं बघितलं. त्या म्हणाल्या, सडलेला ढीग हा कशाचाच पुरावा होत नाही. धान्य ओलं झाकलं की सडतं, हे कोणालाही माहीत आहे. ज्या बाईला येत होतं तिचं काम बघितलेलं पाहिजे होतं. बोलण्यात खोट नव्हती. मी त्या बाईंच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

"मग तू पास होणार ना?"

"होईन पास. बाकीचं पुस्तक आहे ना. फक्त त्या शब्दापुढं शिजवणे आणि प्रश्नचिन्ह राहील. माझी कल्पना खाली बारीक अक्षरात टाकायला परवानगी आहे. एक ओळ."

"त्या ओळीत काय लिहिणार?"

"असं असू शकतं, एवढंच."

कडेची जी थोडी तांबडी कणसं वाचली होती त्यांचे दाणे मी निवडून ठेवले होते. ते बियाणं बायकोनं माहेराहून आणलेलं, लग्नाच्या वर्षी. गावात ते दुसऱ्या कोणाकडं नाही, तिच्या भावजयीकडंही नाही. आषाढाच्या आधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजला आणि ते पेरलं. वाटलं होतं थोडं तरी येईल. वरून दाणा चांगला दिसत होता, पण आत उबेनं मेलेला होता. बोटभर जागेत चार कोंब आले, पिवळे. आठ दिवसांत तेही बसले. हे मी मुलीला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पुढच्या वर्षी परत ढीग घालू या असं ती आधी म्हणायची, आता म्हणत नाही.

परवा मोरीच्या मागं जाऊन मी फोन लावला. म्हटलं, काय चाललंय. म्हणाली, नवीन काम घेतलंय, दुसरा एक शब्द आहे. मी विचारलं, तो किती ठिकाणी सापडतो? म्हणाली, पुष्कळ ठिकाणी, बाबा, शेकड्यांनी. सगळं पुस्तकातच आहे, कुठं जावं लागत नाही.

बरं झालं म्हटलं.   मग तिनं जेवलात का विचारलं, मी जेवलो म्हटलं, आणि फोन ठेवला.